वाजवला, वापरला नाही

पिंपरी, ता. ११ जून १९६६

बरकत,

जयभीम. हा सवयीने लिहिला गेला, तुझ्यासाठी म्हणून नाही. पुढे 'प्रिय' लिहायला हात वळेना, म्हणून गाळलं.

पत्ता तुझ्या अम्मीकडून घेतला. रोशनबीचाची म्हणाल्या, भायखळ्याच्या कुठल्याशा हॉटेलात कोट-टाय लावून गिटार वाजवतोस, आणि साहेब लोक जेवता जेवता ऐकतात. वा. लोकांच्या मटणाला फोडणी द्यायला गेलास तर.

कामाचं लिहितो. कंपनीने मला चार्जशीट दिलं आहे. पंपघराची किल्ली काढून घेतली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. चौकशी २५ तारखेला, सकाळी दहा वाजता. चार्जशीटमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो, तुला इंग्रजी शहाणपण फार आहे, जरा मराठीही वाच: 'ता. २९ मे रोजी कॉलनीच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत उतरून सर्फ वापरला व रहिवाशांच्या आरोग्यास धोका निर्माण केला.'

सर्फ वापरला. कळलं का? कपडे धुवायची पावडर!

त्या दिवशी पाणी अकराला सुटायचं ते अडीचला सुटलं. कॉलनीतल्या सात नंबरच्या क्वार्टरचे फोरमन हिंदुराव बादली घेऊनच पंपघराशी आले, आणि त्याच वेळी मी टाकीच्या तोंडातून वर येत होतो. तू तोवर तुझी गिटार भरलेली टेप काखेत मारून सायकलवर पसार. सिक्युरिटीच्या कारकुनाने विचारलं, 'आत काय चाललं होतं?' मी खरं सांगितलं, 'सर्फ वाजवत होतो.' त्या शहाण्याने लिहून घेतलं, 'सर्फ वापरत होतो.' दोन अक्षरांचा फरक, आणि माझी चार वर्षांची नोकरी टांगली. आता सहा नंबरच्या सुमनताई सांगत फिरतायत की त्यांच्या वरणाला फेस आला. अहो बाई, डाळीला फेस येतोच! पण ऐकतंय कोण.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, साहेब, सर्फ म्हणजे एक प्रकारचं संगीत असतं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच ती पावडर खाल्ली आहे.

तेव्हा तू यायचं. ती तबकडी घेऊन, ती टेप घेऊन. कंपनीतला तो जर्मन साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याच्या सामानातून तबकडी तू उचललीस, तिच्या कव्हरावरचं इंग्रजी मला तूच वाचून दाखवलंस. अमेरिकेत समुद्रावर पोरं लाटेवर फळी टाकून उभी राहतात, त्याला सर्फिंग म्हणतात, आणि बासष्टच्या सुमाराला त्यांच्यासाठी गिटारवर जे वाजायला लागलं ते सर्फ म्युझिक. गाणारा कोणी नाही, नुसती गिटार. एवढंच साहेबांपुढे सांग. पाच मिनिटांचं काम आहे. गाडीभाडं मी देतो, तुझ्या कोटाला धूळ लागली तर तीही झटकून देतो.

माझी किल्ली मला परत हवी आहे. बाकी तुझ्याकडून काही नको.

किसन

पिंपरी, ता. १९ जून १९६६

बरकत,

आठ दिवस झाले. पोस्टमन रोज येतो आणि रोज पुढे जातो.

काल तुझ्या अब्बांच्या गॅरेजवर गेलो होतो. मीरासाहेबचाचा गाडीखाली होते. पाय तेवढे बाहेर. मी पायांशीच बोललो. खालून म्हणाले, 'किसनभाऊ, बरकतला आता इथल्या लफड्यात ओढू नको. कंपनीच्या गाड्या माझ्याकडे येतात, तुला माहीत आहे.' मी म्हटलं, 'चाचा, मला पण कंपनीचाच पगार येतो.' त्यावर पाय आणखी आत गेले. चहा मागवला त्यांनी, पण बाहेर काही आले नाहीत. बापाचे पाय आणि पोराची पाठ, तुमच्या घरातलं एवढंच बघणं माझ्या नशिबी आहे वाटतं.

तू विसरला असशील तर आठवण करून देतो, खूळ कुणाचं होतं. ती तबकडी पहिल्यांदा लावलीस तेव्हा मी म्हटलं होतं, 'हा तर फारूकमामूंचा बेंजो!' उरुसात तुझे मामू कव्वालीच्या मागे बेंजोची बटणं दाबून एकाच सुरावर तार कशी झोडपतात, वर-खाली, वर-खाली, श्वास घ्यायची सवड न देता? तेच की हे. तू चिडलास. मग कव्हराच्या मागे बारीक अक्षरात निघालं की तिकडच्या एका वाजवणाऱ्याचं मूळ घराणं अरब मुलखातलं, आणि तो झपाटा त्याने आपल्या काकाच्या वाजवण्यातून उचलला. म्हणजे तिकडे काका, इकडे मामू. फुकटचं घरात होतं ते सोडून तू अमेरिकेहून मागवलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण मामूंच्या बेंजोला ती ओल नव्हती. ते मात्र खरं. तबकडीवरचा सूर तोडला तरी तुटायचा नाही, ठिबकत राहायचा. तू आठवडाभर डोकं फोडलंस. कुठल्याशा मासिकात तुला दोन शब्द मिळाले, की हा आवाज 'ओला' असतो आणि तो स्प्रिंगच्या 'टँक'मधून काढतात. झालं! अब्बांच्या गॅरेजातून स्कूटरच्या सीटच्या स्प्रिंगा आणून तू बादलीभर पाण्यात बुडवल्यास आणि वायर जोडलीस. गॅरेजचा फ्यूज उडाला, तू दोन हात मागे जाऊन टायरात बसलास. मी हसून हसून लोळलो होतो. तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं.

नंतर तुझी नजर माझ्या टाकीवर पडली. 'किसन, तुझ्याकडे तर खरी टँक आहे राव!' सहा महिन्यांनी टाकी धुतात, धुऊन झाली की मोकळी असते, अर्धा तास दे. अर्धा तास म्हणालास. ओल्या फरशीवर तुझ्या गिटारचा कर्णा ठेवला तर शॉक बसेल, म्हणून तो छातीशी धरून मी आत उभा, माइक वरून टांगलेला. तू बाहेर पंपघरात स्टुलावर, कोरड्या पायांनी. दर वेळी 'आणखी एकदा', 'आणखी एकदा'. साडेतीन तास.

आईने काल विचारलं, 'किल्ली कदी देनार रं?' भिमाबाईला तू ओळखतोस, ती जास्त बोलत नाही. महाळुंग्याला तिच्या बापाला गावच्या आडावर दोर टाकू दिला नव्हता. उन्हात घागर घेऊन बसायचं, कुणी वरून ओतलं तर घरी न्यायचं. मला ही नोकरी लागली तेव्हा ती कॉलनीच्या दोन चकरा मारून आली आणि घराघरातल्या नळाकडे बघून म्हणाली, 'ह्या समद्यांना माजा ल्योक पानी सोडतो व्हय!' आता तिला काय सांगू? गाण्यापायी गेली?

२५ तारीख, सकाळी दहा. लेका, एकदा तरी वेळेवर ये.

किसन

पिंपरी, ता. २७ जून १९६६

बरकत,

तू आला नाहीस. तुझं पार्सल आलं. टेप, तबकडी आणि लेबर ऑफिसरच्या नावे टाईप केलेलं पत्र. कागद चांगला होता. हॉटेलचाच असणार.

चौकशीत काय झालं ते ऐक, तुझा हक्क आहे तो.

साहेबांनी टेपरेकॉर्डर मागवला. टेबलाच्या एका बाजूला साहेब, म्हणजे लेबर ऑफिसर, दुसऱ्या बाजूला हिंदुराव आणि सुमनताई, दाराशी तो कारकून. टेप लागली. आधी माझ्या खोकल्याचा आवाज, आणि मग तुझी गिटार सुटली. लेबर ऑफिसर बोटाने टेबलावर ठेका धरायला लागले. सुमनताईंची मानसुद्धा हलली, मी पाहिलं. टेप संपली तेव्हा साहेब हसून म्हणाले, 'अहो, हे तर गाणं आहे! पावडरीचा काही संबंध नाही. कारकुनाची चूक.' त्यांनी चार्जशीट ओढलं आणि 'सर्फ वापरला' यावर लाल रेघ मारली.

मी खुळ्यासारखा उठून उभा राहिलो. वाटलं, सुटलो. किल्लीसाठी हात पुढे करायचा तेवढा राहिला होता.

मग हिंदुराव म्हणाले, 'साहेब, ते ठीक. पण त्याच्या आधीचे शब्द तसेच आहेत. टाकीत उतरून.'

मी म्हटलं, 'टाकी धुवायला दर सहा महिन्यांनी माणसं उतरतात. त्यांच्यावर देखरेख करायला मीही उतरतो. चार वर्षांत कुणी हरकत घेतली नाही.'

'धुवायला उतरणं वेगळं. धुऊन झाल्यावर उतरणं वेगळं. मग कोण धुणार?'

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आणि हिंदुराव, तो मशीनशॉपचा फोरमन, ज्याच्या घरी मी चार वर्षं वेळच्या वेळी पाणी पोचवलं, तो सरळ म्हणाला, 'खरं सांगू का साहेब, सर्फ टाकला असता ना, तर उलट बरं होतं. निदान टाकी धुऊन निघाली तरी असती.'

कोणी जात काढली नाही हं. एकदाही नाही. कायद्याने गुन्हा आहे तो, आणि सगळे शिकलेले. शिकलेल्या माणसाला बरोबर कळतं कुठला शब्द गाळायचा.

त्यावर साहेबांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. 'ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी टाकीत उतरलो नव्हतो. मी पंपघरात होतो. टाकीत किसन होता.' ह्यात एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच तर थुंकावंसं वाटतं. मी तुला सांगितलं होतं, सर्फ म्हणजे काय ते सांग. तू आत कोण होतं ते सांगितलंस. करून सवरून नामानिराळा. मीरासाहेबचाचांच्या गॅरेजात कंपनीच्या गाड्या येत राहतील, मुबारक.

मला भट्टीखात्यात टाकलं आहे. किल्ली दत्तोबाला दिली. दत्तोबा कोण, तर हिंदुरावांच्या गावचा, कालपर्यंत गेटवर सायकली मोजायचा. पंप कुठल्या बाजूला फिरतो हे तो मला विचारून गेला.

आणि हो. तू पार्सलात माझ्यासाठी म्हणून चिठ्ठी टाकली होतीस, की तुझ्या हॉटेलातल्या गोवेकर ड्रमवाल्याने तुला खरा 'टँक' दाखवला. वीतभर पत्र्याची पेटी. आत दोन स्प्रिंगा. पाणी नाही, ओल नाही, काही नाही. 'किती हसलो किसन, तू असतास तर.' असं लिहिलंस तू. एका पेटीसाठी मी कॉलनीची टाकी रिकामी ठेवली, आणि तू हसलास. वर हेही लिहिलंस की मुंबईत आता सर्फ कोणी ऐकत नाही, तिकडे अमेरिकेतसुद्धा ती फॅशन मागे पडली, आता विलायतेची केस वाढवलेली पोरं चालतात. म्हणजे मेलेल्या गाण्यापायी माझी किल्ली गेली. वा रे गडी!

यापुढे पत्र लिहू नकोस.

किसन

पिंपरी, ता. २२ सप्टेंबर १९६६

बरकत,

लिहू नकोस म्हटलं होतं आणि मीच लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मजा समजणार नाही. आईला सांगितलं, ती हसलीच नाही.

सोमवारी कॉलनीचं पाणी बंद झालं. टाकीत पाणी घेणाऱ्या नळाला आतून चेंडू असतो, पाणी चढलं की चेंडू वर जातो आणि नळ मिटतो. त्या चेंडूची दांडी वरच अडकून बसली. नळ मिटलेला, टाकी कोरडी. दुरुस्ती दहा मिनिटांची, पण आत उतरल्याशिवाय होत नाही. दत्तोबाला सांगितलं, उतर. तो म्हणाला, 'मी उतरणार नाही. मागचा माणूस उतरला तर त्याचं काय झालं, सगळ्यांनी बघितलंय. मला भट्टीत जायचं नाही.' बरोबर बोलला! इतकं शहाणं बोलणं त्या चौकशीत कुणी केलं नव्हतं. कंपनीचा फिटर आणला, तर तोही म्हणाला, पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, आधी लेखी हुकूम द्या. साहेब दिल्लीला. सगळा मामला तसाच लटकला.

दोन दिवस बायका पिंपरी गावातून पाणी वाहत होत्या. मंगळवारी संध्याकाळी हिंदुराव माझ्या दारात. चार महिन्यांत पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेर उभे.

'किसनराव, जरा चलता का? दांडी अडकलीय.'

किसनराव! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्यात मी गाढव झालो, चालेल.

मी म्हटलं, 'उतरावं लागेल.'

'हो, ते आलंच.'

'कोरडी टाकी आहे. धुतलेली आहे. आणि मी उतरू?'

आत आई भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला. मी वही फाडून कागद दिला आणि पेन दिलं. 'लिहून द्या. किसनने टाकीत उतरावे अशी आमची विनंती आहे. खाली सही. एकट्याची नको, सगळ्या क्वार्टरांची.'

'किसनराव, अंधार पडतोय. पोरं तहानलेली आहेत.'

'मग लवकर फिरा.'

आई बाहेर आली. पिठाचे हात तसेच. मला वाटलं, आता म्हणणार, जा रं, पान्याला न्हाई म्हणू नये. मी तयारच होतो तिच्यावर खेकसायला. ती हिंदुरावांकडे बघून म्हणाली, 'समद्यांची सही आना. एकबी सोडू नगा.' आणि परत चुलीशी गेली.

अर्ध्या तासात चाळीस सह्या आल्या. सुमनताईंची पहिल्या ओळीत, ठसठशीत. मी पाय धुतले, सर्वांसमोर, सावकाश. उतरलो, दांडी सोडवली, नळ धो धो सुटला. वर आलो तर सगळी कॉलनी टाकीच्या तोंडाभोवती गोळा. मी म्हटलं, 'पाणी गाळून प्या, गाळ असेल.' आणि घरी आलो.

कागद लेबर ऑफिसरच्या टेबलावर ठेवला. आज ते दिल्लीहून परतले आणि किल्ली मिळाली. साहेब म्हणाले, 'गैरसमज झाला होता.' मी म्हटलं, 'नाही साहेब, नीट समज होती.' त्यांनी पुढची फाईल ओढली.

तुला यात कुठेही काही करावं लागलं नाही, याची नोंद घे. तुझ्याशिवाय झालं.

किसन

पिंपरी, ता. १२ जानेवारी १९६८

बरकत,

तुझं पत्र पोचलं. दीड वर्षाने, तेही काम निघालं म्हणून. गरज सरो वैद्य मरो ऐकलं होतं, तू मेलेला वैद्य उकरून काढतोस.

म्हणजे एका सिनेमावाल्याने तुझी ती टेप ऐकली. त्याला तोच आवाज पाहिजे. तू पत्र्याची पेटी लावून बघितलीस, स्टुडिओत बघितलंस, हॉटेलच्या संडासातसुद्धा वाजवून बघितलंस, पण तो येत नाही. तेव्हा एका रविवारी टाकी पाहिजे. ह्या वेळी कंपनीची परवानगी काढशील, माझ्या नावाला धक्का लागणार नाही, आणि तू स्वतः आत उतरशील, असं तीन वेळा लिहिलंस. चौकशीबद्दल माफीही मागितलीस, शेवटच्या ओळीत, सहीच्या वर, जागा उरली होती तिथे.

टाकी मिळणार नाही.

राग म्हणून नाही. राग होता, तो भट्टीखात्यात जळाला. खरं कारण मी तुला कधी लिहिलं नाही. चौकशीत सांगितलं नाही, आईलाही नाही. मला ते गाणं आवडत नव्हतं असं मी सगळ्यांना भासवलं. तुला वाटतं तुझा आवाज टेपवर आहे. टेपवर काय आलं, तर एका स्वस्त माइकला जेवढं कळलं तेवढं. तू बाहेर स्टुलावर होतास. मी आत होतो, कर्णा छातीशी धरून, पायाखाली ओलं सिमेंट, डोक्यावर एवढंसं उजेडाचं भोक. तू एक तार छेडलीस की ती माझ्या बरगड्यांतून जायची, भिंतीवर जाऊन परत यायची, आणि ती परत येईपर्यंत तू पुढच्या शंभर सोडलेल्या असायच्या. कुठला सूर तुझा आणि कुठला टाकीचा हे मला कळेना. मी समुद्र अजून पाहिलेला नाही. 'आणखी एकदा' असं साडेतीन तास तू ओरडत नव्हतास, बरकत. पहिल्या चार वेळा तू. नंतर तू म्हणत होतास, 'किसन, झालं, वर ये, पाणी सोडायचं असेल तुला.' आणि आतून मी ओरडत होतो, आणखी एकदा.

तेव्हा पाणी माझ्यामुळे उशिरा सुटलं. तू चौकशीला पाठवलेल्या पत्रात तेही लिहू शकला असतास. लिहिलं नाहीस. एवढं एक तू झाकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी तुला शिव्या घातल्या. घालायच्याच होत्या. एकदा येऊन माझ्या बाजूला उभा राहिला असतास तर बाकी सगळं मी गिळलं असतं.

टाकी माझी आहे. दर सहा महिन्यांनी धुऊन झाली की मी आत उतरतो, एकटा, आणि आता वर कोणी बघायला येत नाही. तिथे तुला जागा नाही.

यायचं तर घरी ये, रविवारी. आईला विचारलं, ती म्हणाली, 'येऊ दे. पन त्याला सांग, जेवून जायाचं.'

किसन